विनाअपघात चालकाचे वाहनपूजन

कुंडलिक गोजरने पंचवीस वर्षे एसटी चालवली होती आणि त्यातली बहुतेक माळशेजच्या घाटात. त्यामुळे ब्रेक या विषयात आपल्याला शिकण्यासारखे आता काही उरलेले नाही, असे निवृत्तीच्या वेळी त्याचे ठाम मत झाले होते. हे मत त्याने स्वतःपाशी ठेवले नाही. टोकावड्याच्या नाक्यावरच्या ढाब्यात चहा समोर आला की तो ते मांडायला घेई. धुक्यात गाडी कशी उतरवायची, ती दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून इंजिनाकडूनच कशी धरून ठेवायची, ब्रेकचे ड्रम तापू नयेत म्हणून पाय कधी उचलायचा, हे सगळे तो कपबशी पुढे-मागे सरकवून समजावून सांगे. श्रोते बदलत, व्याख्यान बदलत नसे. त्या श्रोत्यांपैकी एकाकडेही बस नव्हती, ही अडचण त्याला कधी जाणवली नाही.

अशा माणसाच्या पोटी कुणाली जन्माला आली होती.

कुणाली मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्याकडे एक बुटकी सायकल होती. घाटाच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर दोन उन्हाळे बसून तिने ती घेतली होती. तिला मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, घंटीही नव्हती. चक्कीवरून गहू दळून आणायला ती निरुपयोगी होती आणि शेतावर डबा न्यायलाही. गावाच्या समजुतीप्रमाणे सायकल ही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी असते. कुणाली मात्र तासभर सायकल चालवून, घामाने न्हाऊन, निघाली तिथेच परत येई. मधल्या वेळात ती पुढचे चाक हवेत उचलून एकट्या मागच्या चाकावर सायकल दूरवर नेई; याला ती व्हीली म्हणे. नाहीतर वेगात येऊन पुढचा ब्रेक अशा बेताने आवळी की मागचे चाक उठून उभे राही, आणि सायकल नाकावर चालल्यासारखी थोडी पुढे सरके. ती स्टॉपी.

कुंडलिकची हरकत तत्त्वाची होती. ज्या ब्रेकच्या जोरावर त्याने हजारो माणसे सुखरूप घाटाखाली आणली, त्याच ब्रेकचा त्याच्या घरात असा अपमान चालावा, हे त्याला सोसत नव्हते.

“बाबा, ब्रेक असा गच्च दाबायचा नसतो,” एकदा जेवताना कुणाली म्हणाली होती. “एकच बोट ठेवायचं. व्हीलीत सायकल मागं कलंडायला लागली का मागचा ब्रेक जरासा घ्यायचा, पुढचं चाक आपोआप खाली येतं. तो ब्रेक हाय म्हनून मी पडत नाय.”

“ब्रेक मला शिकवू नको गो,” कुंडलिक म्हणाला. “तुझ्या जन्माच्या आधीपासून दाबतोय.”

“तुमचा पायाचा. ह्यो बोटाचा.”

“ब्रेक गाडी थांबवायला असतो. चाक उचलायला जॅक असतो.”

“ऐकून तर घ्या, कसा चालतो तो.”

“काय ऐकायचं? कंपनीनं बनवला, लागला का गाडी थांबते. झाला.”

“जेवा आता दोगं पन,” वत्सला, म्हणजे कुणालीची आई, भाताचे भांडे सरकवत म्हणाली. “एकाचा ब्रेक लागत नाय नि एकीचा सुटत नाय.”

कुणालीची खरी अडचण बाप ही नव्हतीच. बापाची तिला सवय होती. तिची अडचण जागेची होती. एका चाकावर तोल धरायचा तर खाली सपाट, कठीण जमीन लागते, आणि ती त्या पंचक्रोशीत सहजासहजी मिळत नव्हती. रस्त्यावर सराव करण्याचा प्रश्नच नव्हता. त्या रस्त्यांवरून दोन्ही चाके जमिनीला टेकवून जाणे हाच मोठा कसरतीचा प्रकार होता. शेताचे बांध, शाळेचे मातीचे मैदान, देवळापुढची फरशी, सगळे करून झाले होते. मनाजोगी जागा एकच होती, ती म्हणजे गावाबाहेर बंद पडलेल्या भातगिरणीपुढचा भात वाळवायचा लांबरुंद कोबा. तो सिमेंटचा होता, घोटलेला होता आणि पानावर ठेवलेल्या निवदासारखा कोणी हात न लावता पडून होता.

कोबा भगीरथशेठचा होता. कुणाली तिथे भिंतीवरून सायकल टाकून चोरून सराव करी, हे कळल्यावर शेठने फाटकाला नवे कुलूप लावले. गिरणी बंद असली म्हणून काय झाले, तिथे मुलींनी सायकलवर उड्या मारल्या तर गिरणीची इज्जत जाते, असे त्याचे म्हणणे होते. गिरणी बुडाली तेव्हा तिची इज्जत कुठे होती, हे त्याला कोणी विचारले नाही. पण त्याच सुमारास कुणालीच्या मैत्रिणीने मोबाइलवर टाकलेला एक व्हिडिओ लोकांनी उचलून धरला. पाठीमागे सिद्धगडाचा डोंगर, पुढे कोबा, आणि मधे एका चाकावर चाललेली कुणाली. तो व्हिडिओ ठाण्यापर्यंत पोहोचला, ठाण्याहून परत टोकावड्याला आला, आणि येताना त्याने भगीरथशेठचे हृदयपरिवर्तन करूनच आणले. कुणाली रातोरात ‘तालुक्याची कन्या’ झाली. शेठ त्या दिवसांत मुरबाड आणि शहापूर अशा दोन्ही तालुक्यांत आपले फलक लावण्याच्या उद्योगात होता, आणि फलकावर त्याच्या शेजारी उभे राहील असे कोणीतरी त्याला हवेच होते.

शहापूरला त्याने आपल्या मंडळातर्फे रस्ता सुरक्षा मेळावा ठरवला. रस्त्यावर सुरक्षित कसे चालावे हे लोकांना पटवण्यासाठी एका चाकावर सायकल चालवणारी मुलगी बोलवावी, ही कल्पना त्याची स्वतःची होती, आणि तीत काही विसंगती आहे असे मंडळातल्या कोणालाही वाटले नाही.

“कार्यक्रम नीट पार पाड,” तो कुणालीला म्हणाला, “गिरणीच्या फाटकाची किल्ली तुझी. रोज ये, वाटेल तेवढा टाइम सराव कर. पन एक करायचा. शेवटी एका चाकावर स्टेजपर्यंत यायचा नि पाहुण्यांच्या, म्हंजे आबासाहेबांच्या, पायाशी पुढचा चाक अलगद टेकवायचा. मानवंदना. कसा वाटतंय?”

कुणालीला ते कसेतरीच वाटले. पण तिला कोबा हवा होता. पावसाळ्यानंतर पुण्याला स्पर्धा होती. कोबा मिळाला तर ती तिथे जाऊ शकणार होती, नाहीतर तिचा प्रवास शेणाने सारवलेल्या अंगणातच संपणार होता. ती हो म्हणाली.

दुसरे आमंत्रण कुंडलिकला होते. ‘विनाअपघात चालक’ म्हणून त्याचा सत्कार व्हायचा होता आणि त्याच्याच हस्ते सायकलचे वाहनपूजन. निमंत्रणपत्रिकेवर आपले नाव छापलेले पाहताच सायकलच्या खेळाविषयीची त्याची तात्त्विक हरकत बरीच सैल झाली. आपल्या विरोधामागे मुलीची काळजीच होती, खेळाला आपण तसे कधी वाईट म्हटलेले नाही, असे त्याने ढाब्यावर सांगितले. ज्यांनी त्याला वाईट म्हणताना ऐकले होते तेही मान डोलावत होते, कारण चहा त्याच्याकडून होता.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सायकल टेम्पोतून शहापूरला गेली. मैदानाच्या एका बाजूला सिमेंटचा पट्टा होता आणि त्याच्या टोकाला मंडप. कुणालीने फक्कीने रेषा आखली, पट्ट्यावरून दोन-तीनदा जाऊन दोन्ही ब्रेक पारखले, टायरमधली थोडी हवा कमी केली. तेवढ्यात मंडळाच्या बायका आल्या आणि तिला मंडपामागे घेऊन गेल्या. तिच्या टीशर्टवर मंडळाच्या नावाचा पट्टा घालायचा होता, आणि तो शिवणाऱ्याने कोणा धिप्पाड पैलवानाच्या मापाने शिवलेला असल्यामुळे त्याला टाचण्या लावाव्या लागत होत्या.

इकडे वाहनपूजन सुरू झाले. कुंडलिकने इस्तरीचा पांढरा शर्ट घातला होता. हळदकुंकू, हार, नारळ, चाकाखाली लिंबू हे सगळे मंडळाने मांडून ठेवले होते. पण कुंडलिकची स्वतःची एक रीत होती आणि तिच्यासाठी लागणारी बाटली त्याने घरूनच आणली होती. दर दसऱ्याला तो आपल्या बसच्या चाकांच्या मधल्या लोखंडी बशा फडक्याने पुसून त्यांच्यावर तिळाच्या तेलाचा हात फिरवी. हार तर सगळेच ड्रायव्हर घालतात. पण कुंडलिकच्या बसची चाके उन्हात अशी लकाकत की डेपोतले मेकॅनिकही वळून बघत. त्या तेलाने बसचे कधी काही बिघडले नाही, कारण बसचा ब्रेक चाकाच्या आत, लोखंडी ड्रममध्ये झाकलेला असतो. तेल वरच्यावर राहते, ब्रेकला त्याचा पत्ताही लागत नाही.

कुणालीच्या सायकलला असे झाकलेले काही नव्हते. चाकाच्या मधोमध पोलादाची एक पातळ, भोके पाडलेली चकती होती. कुंडलिकला ती नक्षी वाटली. एवढ्या भकास सायकलला निदान हा एक दागिना आहे, हे पाहून त्याला बरेच वाटले. याआधी त्याने ती सायकल हाताने कधी शिवली नव्हती. अंगणातून बाजूला सारायची तेव्हा तो पाय वापरी. आज तो तिच्यापुढे उकिडवा बसला. पुढच्या चकतीला त्याने दोन्ही अंगांनी तेल लावले, फडक्याने घोटले, परत लावले. मग मागच्या चकतीला, आणि तिला थोडे जास्तच. मुलीसाठी आपण काहीतरी करत आहोत ही भावना त्याला फार दिवसांनी झाली होती, आणि ती त्याने पुरेपूर तेलातून व्यक्त केली.

त्यानंतर भाषणे झाली. सूत्रसंचालन देवराम मास्तरांकडे होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातातला माइक कोणी काढून घेऊ शकलेले नव्हते. प्रमुख पाहुणे आबासाहेब हे दोन्ही तालुक्यांत वजन असलेले गृहस्थ होते, आणि ते वजन मधल्या खुर्चीला पेलत नसल्यामुळे त्यांच्यासाठी व्यासपीठाच्या पुढ्यात, पट्ट्याच्या टोकाशीच सोफा मांडला होता. कुंडलिकच्या खांद्यावर शाल आली, हातात श्रीफळ आले. “पंचवीस वर्षे ज्यांच्या ब्रेकने कधी दगा दिला नाही, असे आपले कुंडलिकभाऊ,” मास्तर म्हणाले, आणि कुंडलिक व्यासपीठावरच्या शेवटच्या खुर्चीत ताठ बसला.

मग कुणाली आली. तिने चाकातला हार काढला, ब्रेकची मूठ एकदा आवळून पाहिली. मूठ सकाळसारखीच घट्ट लागली. दोन फेऱ्यांत तिने वेग घेतला आणि स्टॉपीसाठी ती फक्कीच्या रेषेकडे आली. रेषेवर तिने पुढचा ब्रेक घेतला. मागचे चाक उठले नाही. चकतीतून भिजल्या चपलेसारखा एक किरकिरा आवाज निघाला आणि सायकल रेषा ओलांडून त्याच वेगाने व्यासपीठाकडे सुटली. कुणालीने मागचाही ब्रेक घेतला, तोही तसाच ओरडला. शेवटी तिने पेडल सोडून मागच्या बाजूला उडी टाकली, सीट हातात धरली आणि पावले घासत सायकल रोखली. पुढचे चाक आबासाहेबांपुढच्या टीपॉयला लागले, आणि त्यावरची पाण्याची बाटली लवंडून त्यांच्या धोतरावर आली.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“पाहिलंत,” देवराम मास्तर म्हणाले, “किती हा अंदाज. केसभर अंतर राखून. याला म्हणतात नियंत्रण.”

कुणालीने चकतीवर बोट फिरवले, ते नाकाशी नेले आणि व्यासपीठाच्या शेवटच्या खुर्चीकडे पाहिले. कुंडलिकने ती नजर ओळखली. घाटाच्या वळणावर आपण चुकीच्या बाजूला असावे, आणि समोरच्या ड्रायव्हरने हॉर्नही न वाजवता नुसती आपली गाडी कडेला घ्यावी, तेव्हा तो जाताजाता असा बघतो.

ती भगीरथशेठकडे गेली. तो व्यासपीठाच्या पायरीशी, कुंडलिकच्या खुर्चीला लागूनच उभा होता.

“शेठ, ब्रेक साफ करावा लागंल. थोडा टाइम द्या.”

“टाइम कुठला? साहेबांना किन्हवलीला लग्नाला जायचाय. आता सरळ मानवंदना घे.”

“मागचा ब्रेक लागत नाय. त्याच्याशिवाय चाक खाली आनता येत नाय. जोरात आपटंल, नायतर मी मागं पडंन.”

“सकाळी तर लागत होता. आता काय झाला?”

 उत्तर कुणालीच्या बोटावर होते, पण ते तिने पँटला पुसून टाकले.

“हे बघ,” शेठ आवाज खाली आणून म्हणाला, “एवढा लोक जमलाय. पायाशी चाक टेकला नाय तर फोटो कशाचा काढायचा? तुला किल्ली हवी ना गो?”

“हवी.”

“मंग?”

कुणालीने सिमेंटच्या पट्ट्याच्या लांबीकडे एकदा पाहिले. “घेते,” ती म्हणाली आणि सायकल वळवून टोकाकडे चालू लागली.

कुंडलिकने हे सगळे ऐकले. चकती हा दागिना नसून तोच ब्रेक आहे, हे त्याला टीपॉय हलला तेव्हाच कळले होते. आता तो हिशेब वेगळ्या बाजूने मांडू पाहत होता. कदाचित मागची चकती तितकी बिघडलेली नसेल. पण मागच्या चकतीला आपण प्रेमाने जास्तच तेल लावले होते, हेही त्याला लगेच आठवले. कदाचित एव्हाना तेल सुकले असेल. पण तिळाचे तेल सुकत नाही, म्हणून तर तो ते वापरत असे. कदाचित पोर जपून चालवील. उठावे, तर शाल अजून खांद्यावर गरम होती, आणि ज्यांच्या ब्रेकने कधी दगा दिला नाही असे आत्ताच माइकवरून सांगून झाले होते. ढाब्यावरची सगळी बाके आज मंडपात हजर होती. मुलगी तर काही बोलली नव्हती. तिने झाकले होते. बापानेही झाकले, तर ते झाकलेलेच राहणार होते.

पट्ट्याच्या टोकाला कुणाली सायकलवर बसली आणि मागच्या ब्रेकवर तिने एक बोट ठेवले.

कुंडलिक उठला. श्रीफळ हातातच राहिले. त्याने देवराम मास्तरांच्या हातातला माइक काढून घेतला. असे काही आपल्या बाबतीत घडू शकते हे मास्तरांना माहीतच नसल्यामुळे त्यांची बोटे माइकच्या आकारात तशीच हवेत राहिली.

“ही गाडी निघनार नाय,” कुंडलिक म्हणाला. “ब्रेकला तेल लागलंय. ते मी लावलंय.”

मंडपात हशा उसळला.

“पंचवीस वर्षं तेल लावूनच उतरला का रे घाट?” मागून कोणीतरी विचारले.

“कुंडलिकभाऊ, खाली बसा,” भगीरथशेठ हसऱ्या चेहऱ्याने आणि दातांच्या आतून म्हणाला. “पोरीच्या कार्यक्रमाचा विचका करू नका.”

“शेठ, ब्रेक नाय ती गाडी मी कधी डेपोच्या भायेर काढली नाय. आत कोन पन बसलेला असो.”

“ही बस नाय, सायकल हाय.”

“तेच मला म्हाईत नव्हता.” कुंडलिक माइकमधूनच बोलत होता, बंद कसा करायचा ते त्याला सापडत नव्हते. “बसचा ब्रेक आत असतो, दिसत नाय. ह्यो भायेर असतो. पोरगी सांगत होती कधीची. मी ऐकून घेतला नाय. मला वाटला, ब्रेकमधला आपल्याला सगळा समजतंय. नाय समजत. ती पडली तर माझ्या हातून पडंल, तिच्या नाय.”

एवढे बोलून तो खाली उतरला आणि पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तिकडून येणाऱ्याला आधी त्याच्या अंगावरून जावे लागणार होते. कुणालीने दुरून पाहिले आणि पाय जमिनीला टेकवला.

आता भगीरथशेठ काय करतो याकडे सगळ्यांचे लक्ष होते. पण हालचाल सोफ्यावर झाली. टीपॉयला धक्का बसल्यापासून आबासाहेबांनी दोन्ही पाय सोफ्याखाली ओढून घेतले होते. तीच सायकल आता एका चाकावरून पुन्हा आपल्याच पायांकडे येणार आहे, हे समोरच्या कार्यक्रमपत्रिकेत वाचल्यापासून त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. माघार घेणे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते, आणि पाय तर त्यांना दोन्ही हवे होते. अशा संकटातून आपल्याला कोणीतरी सोडवील ही आशा त्यांनी सोडली होती, तोच हा शालवाला मनुष्य उठला. आबासाहेबांनी दुसरा माइक मागवला, आणि त्यांचा आवाज खऱ्याखुऱ्या कृतज्ञतेने भरून आला.

“बंधूंनो,” ते म्हणाले, “रस्ता सुरक्षेवर मी आजवर पुष्कळ भाषणे ऐकली, स्वतः त्याहून जास्त केली. पण वाहन बिघडले आहे आणि चूक माझी आहे, असे सांगणारा चालक मी आज प्रथम पाहिला. मानवंदना मला पोहोचली. आता चाक टेकवण्याची काहीएक गरज नाही.” आणि त्या भरात, कोणाचा काय व्यवहार ठरला आहे याची काहीच कल्पना नसताना, त्यांनी विचारले, “या मुलीला सरावाला जागा आहे का? भगीरथशेठ, तुमची ती गिरणी बंदच असते ना?”

भगीरथशेठ उभा राहिला. पुढच्या निवडणुकीत त्याला आबासाहेबांचा शब्द हवा होता, आणि त्यांचा हा शब्द तो आता भर मंडपात खाली पडू देऊ शकत नव्हता. “साहेब, किल्ली मी सोबतच आनलीय,” तो म्हणाला. ती खरोखरच त्याच्या खिशात होती. मानवंदनेनंतर, फोटोच्या वेळी, ती हळूच काढायची असे त्याचे ठरले होते. ती त्याने आता काढली, आणि ती देताना त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते फोटोत फार उदात्त आले.

देवराम मास्तरांना माइक परत मिळाला. ब्रेक तपासण्याचे महत्त्व ठसवण्यासाठी मंडळाने पितापुत्रीचे हे प्रात्यक्षिक मुद्दाम बसवले होते, असे त्यांनी जाहीर केले. बहुतेकांना ते पटले, आणि तेल लावण्याचा प्रसंग जरा लांबला, अशी टीकाही झाली.

परत जाताना टेम्पोत सायकल मधे होती आणि दोघे दोन बाजूंना. सापगाव मागे पडले.

“घरी गेल्यावर रॉकेलनं धुऊन काढू,” कुंडलिक म्हणाला.

“रॉकेल नको. आता तुमी कशालाच काय लावू नका.” कुणाली बाहेर बघत होती. “चकती साफ होईल. आतले पॅड गेले. ते तेल पितात. नवीन मागवायला लागतील.”

“पितात?”

“पितात.”

कुंडलिकने चकतीकडे वाकून पाहिले. “तू बोलली का नायस शेठला? बापानं लावला म्हनून?”

“सत्कार चालला होता ना तुमचा.”

“नि तशीच गेली असतीस.”

“गेली असती.”

“म्हाईत होता. म्हनून तर उठलो.”

“मला बाजूला घेऊन सांगायचं. सगळ्या गावासमोर कशाला?”

“बाजूला सांगितला असता तर तू थांबली असतीस?”

 टेम्पो एका खड्ड्यातून गेला, तेव्हा सायकल पडू नये म्हणून दोघांनी एकदमच हात घातला. कुंडलिकचा हात चकतीच्या दिशेने गेला होता. तिने तो उचलून सीटवर ठेवला.

“तिला हात लावायचा नाय,” ती म्हणाली. “बोटाचं तेल पन चालत नाय तिला.”

“एवढी नाजूक?”

“एवढी.”

आठवड्याभरात गिरणीच्या फाटकावर भगीरथशेठच्या नावाच्या क्रीडा प्रांगणाचा फलक लागला. त्यावर शेठचे दोन फोटो होते, एक हसरा आणि एक विचारमग्न. कुणालीचा एक होता, मागून काढलेला. ढाब्यावर कुंडलिकला आता लोक आपणहून चहा देऊ लागले, फक्त चहा पुढे सरकवताना तेल कुठल्या घाण्याचे वापरता हे विचारून घेत. दोन-चार दिवस त्याने उत्तरे दिली. मग तो दुपारचा तिकडे न जाता कोब्यावर जाऊ लागला. बायकोने विचारले, तेव्हा त्याने फाटकाच्या कुलपावर लक्ष ठेवायला जातो असे सांगितले. “कुलूप पळून जातंय का?” वत्सला म्हणाली, आणि जाताना मुलीचा डबा त्याच्याच हाती देऊ लागली.

नवे पॅड आले त्या दिवशी तो कुणालीजवळ उभा राहून ते बसवताना बघत होता. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले होते.

“सांग,” तो म्हणाला.

“काय सांगू?”

“काय धरतंय, कुठं धरतंय. पयल्यापासून सांग.”

तिने सांगितले. पॅड चकतीला दोन्हीकडून कसे चिमटतात, नव्या पॅडला चकतीवर आधी हळूहळू बसू द्यावे लागते, पुढचा ब्रेक घेताना अंग मागे का न्यायचे, आणि चाक हवेत असताना नजर चाकाकडे न ठेवता लांब का ठेवायची. कुंडलिकने तीनदा मधे तोंड घातले. घाटातही नजर लांबच ठेवावी लागते, हे त्याचे म्हणणे तिने मान्य केले. बाकीची दोन नाही.

“आता तिथं बसा,” ती म्हणाली. “नि सूचना नकोत.”

तो कोब्याच्या कडेला बसला. कुणालीने लांबून वेग घेतला, कंबर मागे टाकली, आणि पुढचे चाक उठले. एका चाकावर ती समोरच्या भिंतीकडे निघाली. ती जवळ येत गेली तसे कुंडलिकला मुठीवरचे तिचे एक बोट दिसू लागले. भिंत जवळ आली. त्याचा उजवा पाय, त्याला न विचारता, चपलेसकट सिमेंटवर खाली दाबला जाऊ लागला.

तिचे चाक जमिनीला टेकले तेव्हा त्याचा पाय अजून अर्ध्यावरच होता.